टोवे डिटलेवसेनच्या वेस्टरब्रोत

गुरुवार

कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनातून मागच्या बाजूनं बाहेर पडलं की समोरच वेस्टरब्रो भागातली इस्टेडगेड सुरू होते. पर्यटक बहुतेक पुढच्या दारानं, टिवोली बागेच्या बाजूला जातात. मला मागच्याच दारानं जायचं होतं, कारण डॅनिश कवयित्री आणि कादंबरीकार टोवे डिटलेवसेन या रस्त्याची.

धाकटी बहीण मालमोला, म्हणजे समुद्रापलीकडे स्वीडनमध्ये राहते. ओरेसुंडचा पूल २००० साली झाला आणि दोन्ही शहरं शेजारी आली. गाडीनं पाऊण तासाच्या आत माणूस या देशातून त्या देशात. तिच्याकडे दिवाळीआधी आले होते. ती म्हणाली, "ताई, कोपनहेगनला जाऊन तू जलपरीचा पुतळा बघणार नाहीस, राजवाडा बघणार नाहीस. मग बघणार काय?" मी म्हटलं, "एक गल्ली आणि एक कबर." तिनं मला वेड्यात काढलं नाही. उलट तिनंही रजा टाकली.

इस्टेडगेड सरळसोट रस्ता आहे, साधारण किलोमीटरभर. नाव १८५० सालच्या इस्टेडच्या लढाईवरून पडलेलं. स्टेशनकडच्या टोकाला स्वस्त हॉटेलं, रात्री उशिरापर्यंत उघडे बार, दारात रेंगाळणारी माणसं. जसजसं पुढं जावं तसतशी कॉफीची दुकानं, सायकलला लाकडी पेटी जोडून मुलांना शाळेतून आणणारे आईबाप, फुलांच्या बादल्या. १९४४च्या उन्हाळ्यात जर्मन ताब्यातल्या कोपनहेगननं संप पुकारला, तेव्हा 'इस्टेडगेड कधीच शरण जाणार नाही' ही घोषणा गाजली. कामगारांचा, गरिबांचा आणि पोलिसांना नको असलेल्या माणसांचा हा रस्ता. टोवेनं एका कवितेत या रस्त्यालाच बोलायला लावलंय: मी तुझ्या बालपणीचा रस्ता, तू कुठंही गेलीस तरी तुझ्या चालण्यात मीच आहे, अशा अर्थाचं तो तिला बजावतो. १९४३ साली आलेल्या तिच्या कादंबरीचं नावही तेच, 'बालपणीचा रस्ता'.

वारा बोचरा होता. रस्ता एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून घेतला आणि खोलीवर गेलो.

शुक्रवार

आजचा दिवस हेडेबुगेडसाठी ठेवला होता.

इस्टेडगेड जिथं संपते तिथं एंगहावे प्लाड्स हा चौक. २०१९ पासून इथं मेट्रोचं स्टेशनही आहे. या भागातल्या बऱ्याच गल्ल्यांना श्लेसविग प्रांतातल्या गावांची नावं आहेत: टोंडर, फ्लेन्सबोर्ग, हेडेबी. त्यातल्याच हेडेबुगेडमध्ये, ३० अ या पत्त्यावर, १४ डिसेंबर १९१७ रोजी टोवेचा जन्म झाला. जन्मसाल ती पुढं १९१८ सांगत राहिली आणि कित्येक वर्षं सगळ्यांनी तेच खरं धरलं.

गल्ली आज देखणी आहे. पाच मजली विटांच्या इमारती, रंगवलेले दरवाजे, खाली सायकलींची रांग. पण टोवेच्या लहानपणी या इमारतींच्या पोटात आणखी इमारती होत्या. रस्त्याकडची ती पुढची इमारत, आणि अंगण ओलांडून गेलं की मागची. पुढच्या इमारतीत राहणारे स्वतःला वरचढ समजत. डिटलेवसेन कुटुंब मागच्या इमारतीत, दोन खोल्यांत: आई आल्फ्रिडा, भट्टीत कोळसा टाकणारे आणि वरचेवर बेकार होणारे वडील, थोरला भाऊ एडविन आणि ही. गिरणगावातल्या चाळीत ज्यांचं बालपण गेलं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको: भिंतीपलीकडचं भांडण ऐकू येणं, जिन्यातून कोण किती वाजता आलं हे सगळ्या इमारतीला ठाऊक असणं, आणि कुठंही, कधीही एकटं न राहता येणं.

मी इथं आले ती या शेवटच्या गोष्टीसाठी. टोवेच्या नवऱ्यांबद्दल आणि व्यसनाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. चार लग्नं, चार घटस्फोट, इंजेक्शनं, इस्पितळं. हे सगळं खरं आहे आणि तिनंच ते लपवलं नाही. पण मला तिच्या आठवणी वाचताना सतत जाणवत राहिली ती दुसरीच गोष्ट: ही बाई जन्मभर लिहायला जागा शोधत होती. कोपरा, खिडकी, पहाट, भाड्याची खोली. मिळाली की लिहायची, गेली की सैरभैर व्हायची. तिचं आयुष्य या अंगानं वाचलं तर त्या सगळ्या पडझडीतून एक सरळ धागा जाताना दिसतो.

पहिली जागा इथलीच. आईवडिलांच्या झोपायच्या खोलीतली खिडकीची पट्टी. संध्याकाळी अंधारात त्या गार पट्टीवर बसून ती कवितांच्या वहीत लिहायची आणि वही कपड्यांखाली दडवायची. सहासात वर्षांची असताना तिनं वडिलांना सांगितलं की मला कवी व्हायचंय. वडील समाजवादी, वाचणारे, घरात पुस्तकं आणणारे. त्यांनीच तिला ग्रिमच्या परीकथा दिल्या होत्या. ते म्हणाले, मुलीला कवी होता येत नाही. त्यानंतर तिनं मनातलं कुणाला सांगायचंच सोडून दिलं. पुढं वही एडविनच्या हाती लागली. त्यानं वाचून पोट धरधरून हसून घेतलं, कारण वहीत प्रेमाच्या कविता होत्या आणि लिहिणारी शाळकरी पोर होती. तू किती खोटं लिहितेस, असं तो म्हणाला. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. जे जगलो नाही ते शब्दांत खरं करता येतं, ही कादंबरीकाराची पहिली शिकवणी तिला सख्ख्या भावाच्या टिंगलीतून मिळाली.

आईबद्दलची पानं मात्र जीव कासावीस करतात. सकाळी भाऊ शाळेत आणि वडील कामावर गेले की घरात दोघीच. आईचा मूड कसा असेल यावर त्या मुलीचा सबंध दिवस. ती हलायची नाही, बोलायची नाही, आईच्या मनातलं काही मोडू नये म्हणून. बालपण हे शवपेटीसारखं लांब आणि अरुंद असतं, कुणाच्या मदतीशिवाय त्यातून बाहेर पडता येत नाही, असं तिनं लिहिलंय ते या घराबद्दल.

आम्ही फाटकातून आत डोकावलो. आतलं अंगण मोठं, हिरवं, मोकळं होतं; बाकं, झाडं, मुलांची घसरगुंडी. १९९०च्या दशकात वेस्टरब्रोचं मोठं नूतनीकरण झालं. त्यात जुन्या दाटीतल्या इमारती काढून ऊन आणि हवा आत घेतली गेली. हेडेबुगेडचा हा चौकोन तर पर्यावरणपूरक दुरुस्तीचा नमुना म्हणून निवडला गेला, सौरऊर्जेसकट. टोवेच्या पुस्तकातला तो कचऱ्याच्या डब्यांचा कोपरा, जिथं मोठ्या मुली जमून मुलांच्या आणि बाळंतपणाच्या गोष्टी कुजबुजत, तो मी डोळ्यांनी शोधला. त्या जागी आता काय असेल याचा अंदाज बांधत उभी राहिले तेवढ्यात एक बाई सायकल घेऊन बाहेर आल्या, फाटक आमच्यासाठी धरून ठेवलं आणि आम्ही आत जात नाही असं पाहून हसून निघून गेल्या. लोकांच्या घरात शिरायचं नव्हतं. रस्त्यावरून जेवढं दिसलं तेवढं पुरे.

चौकातल्या बेकरीत वेलदोड्याचा गोल पाव आणि कॉफी घेतली. टोवेच्या घरी पाव यायचा तो शिळा, स्वस्तातला, रांग लावून आणलेला. बहिणीनं विचारलं, "शाळेचं काय झालं तिच्या?" शिक्षिकेला वाटत होतं तिनं पुढं शिकावं. घरची परवड पाहता ते शक्य नव्हतं. चौदाव्या वर्षी कन्फर्मेशन हा चर्चमधला विधी झाला आणि ती कामाला लागली. पहिल्या घरी नोकरी टिकली एक दिवस: फर्निचर पुसायला सांगितलं म्हणून तिनं पियानोही ओल्या ब्रशानं खसाखसा घासला, पॉलिश उडालेलं पाहिलं आणि पळून गेली. मग खानावळ, गोदाम, कचेऱ्या, टायपिंग. अठरा वर्षांची झाल्यावर तिनं भाड्यानं खोली घेतली. खोलीत शेगडी नव्हती आणि घरमालकीण हिटलरची भक्त, रेडिओवरची त्याची भाषणं ऐकायला बोलावणारी. तरी ती खोली तिला हवी होती, कारण दार लावता येत होतं.

१९३७ साली 'विल्ड व्हेडे' या नियतकालिकात तिची कविता छापून आली, जन्मताच गेलेल्या बाळाला उद्देशून लिहिलेली. तिला मूल तर सोडाच, नवराही नव्हता. एडविनच्या भाषेत सांगायचं तर पुन्हा खोटं. संपादक विगो मोलर. १९३९ साली पहिला संग्रह आला, 'पीगेसिन', म्हणजे मुलीचं मन, आणि १९४०मध्ये तिनं या तीस वर्षांनी मोठ्या संपादकाशी लग्न केलं. आठवणींचा तिसरा भाग तिथून सुरू होतो: नवरा झोपलेला, पहाटेचे पाच वाजलेले, आणि ती त्याला न सांगता पहिली कादंबरी लिहितेय. ती कादंबरी १९४१ साली आली.

संध्याकाळी पाऊस. चालणं बंद.

शनिवार

क्रिस्टलगेडवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेलो. डॅनिश मला येत नाही. टोवेला मी इंग्रजीतून ओळखते. तिच्या आठवणींचे पहिले दोन भाग १९६७चे आणि तिसरा १९७१चा. पहिल्या दोन भागांचा इंग्रजी अनुवाद टीना ननली यांनी १९८०च्या दशकातच केला होता, पण तो फार पोचला नाही. तिसरा भाग मायकेल फावाला गोल्डमन यांनी केला आणि २०१९ साली तिन्ही भाग त्रयी म्हणून इंग्रजीत आले. मग जगभर एकदम सगळे तिचं नाव घेऊ लागले. २०२१मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वर्षातल्या दहा उत्तम पुस्तकांत ती होती. मरून पंचेचाळीस वर्षं झाल्यावर.

डेन्मार्कमध्ये मात्र तिला वाचक कधीच कमी नव्हते, आणि हे इथं आल्याशिवाय मला नीट कळलं नसतं. ग्रंथालयाजवळच फिओलस्ट्रेड हा जुन्या पुस्तकांचा रस्ता. एका दुकानात कवितांच्या कपाटात तिचे संग्रह भरपूर होते. 'क्विनेसिन', म्हणजे बाईचं मन, हा १९५५चा संग्रह. त्याच्या हाती लागतील तेवढ्या प्रती उघडून पाहिल्या. पहिल्या पानावर शाईनं लिहिलेली बायकांची नावं आणि खाली नाताळ आणि साल: कुणाला आईनं दिलेलं, कुणाला मैत्रिणीनं. एका प्रतीत एकाच कवितेचं पान इतकं उघडलं गेलं होतं की पुस्तक टेबलावर ठेवताच आपोआप तिथंच उघडत होतं. बाकीची पानं कोरी करकरीत. मी ती प्रत घेतली. वाचता येत नसली तरी.

तिच्या काळच्या बऱ्याच समीक्षकांना ती जुनाट वाटे. आधुनिकतावादी कविता जोरात होती, मुक्तछंद होता, आणि ही यमक जुळवून घर, मूल, नवरा, एकटेपण असं लिहीत होती. त्यात १९५६पासून ती 'फॅमिली जर्नल' या साप्ताहिकात वाचकांच्या पत्रांना सल्ला देणारं सदर चालवत होती, ते मरेपर्यंत वीस वर्षं. नवरा पितो, मुलगी ऐकत नाही, सासूशी पटत नाही, मला आता कुणी हात लावत नाही: अशी पत्रं. मोठ्या साहित्यिकानं असल्या सदरात काय करायचं, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि आताही असतात. मला ते पटत नाही. जिचं स्वतःचं घर दर काही वर्षांनी मोडत होतं, तिच्याकडे देशभरातल्या बायका आपलं घर उघडं करून दाखवत होत्या. कथाकाराला याहून जवळचं काय मिळणार? तिच्या कथा वाचा: १९५२च्या 'छत्री' या संग्रहात शीर्षककथेतल्या बाईला फक्त एक छत्री हवी असते, आणि नवऱ्याला ते सहन होत नाही. तिच्या कथांतली लग्नं अशाच साध्या वस्तूंवरून उकलत जातात.

बक्षिसं मिळाली: १९५३मध्ये टागेआ ब्रान्ट प्रवासवृत्ती, १९५६मध्ये पुस्तकविक्रेत्यांचे 'सोनेरी लॉरेल'. अॅना लिनेट या गायिकेनं १९७७ साली तिच्या कवितांना चाली लावल्या आणि त्या घराघरांत गेल्या. पण शाळांच्या साहित्याच्या अधिकृत यादीत तिचं नाव यायला २०१४ उजाडलं.

रविवार

वोर्डिंगबोर्ग. कोपनहेगनहून दक्षिणेला, गाडीनं तासाभराच्या आसपास. सपाट शेतं, पवनचक्क्या, मग पाणी.

या गावात पर्यटक येतात ते राजा वाल्डेमारच्या काळच्या हंस-मनोऱ्यासाठी. आम्ही मनोरा पाहून घेतला आणि मग पाण्यात शिरलेल्या जमिनीच्या जिभेवर असलेल्या ओरिंगेकडे चालू लागलो. ओरिंगे हे मनोरुग्णालय १८५८ साली सुरू झालं; आराखडा बिंडेसबोल या नामवंत वास्तुकाराचा, कोपनहेगनमधलं थोरवाल्डसेन संग्रहालय बांधणारा तोच. झाडी, पाणी, शांतता, लांबट इमारती.

टोवे इथं व्यसन सोडवण्यासाठी आली. तिसरा नवरा कार्ल रुबेर्ग डॉक्टर होता. गर्भपाताच्या वेळी त्यानं तिला पेथिडिन या गुंगी आणणाऱ्या वेदनाशामकाचं इंजेक्शन दिलं आणि तिला वाटलं, इतका आनंद आयुष्यात कधीच झाला नव्हता. तो आनंद पुन्हा मिळावा म्हणून तिनं त्या माणसाशी १९४५ साली लग्न केलं. इंजेक्शन मिळावं म्हणून कान दुखतो असं सांगत राहिली, आणि शेवटी नको असलेली शस्त्रक्रिया होऊन त्या कानानं ऐकू येणंच गेलं. हे सगळं तिनं ज्या स्वरात लिहिलंय त्याला मी दुसरा जोड वाचलेला नाही. स्वतःची कीव नाही, नवऱ्यावर आगपाखड नाही, पश्चात्तापाचं नाटक नाही. पायरी पायरीनं खाली उतरणाऱ्या बाईच्या हातात हात घालून वाचक खाली जातो आणि कुठल्या पायरीवर मागं फिरायला हवं होतं ते त्यालाही कळत नाही.

आणि इथंही तिचा धागा सुटत नाही. त्या वर्षांत सर्वांत मोठं नुकसान काय झालं, असं विचारलं तर मी म्हणेन, ती लिहीत नव्हती. टाइपरायटर तिथंच होता, खोली होती, दार बंद होतं. लहानपणी जे मागितलं होतं ते सगळं होतं, आणि बोटं चालत नव्हती. ओरिंगेतून बाहेर आल्यावर हळूहळू बोटं पुन्हा चालू लागली. पत्रकार विक्टर आंद्रेआसेनशी चौथं लग्न १९५१ साली झालं आणि १९७३पर्यंत टिकलं. पण रस्त्यात औषधाच्या दुकानाची उजळलेली काच दिसली की तिचे पाय घोटाळत, असं तिनं लिहून ठेवलंय. पूर्ण बरी झाले, असं ती कुठंही म्हणत नाही.

बहिणीला इथं अवघडल्यासारखं झालं. "चल ताई, जाऊ या," ती म्हणाली. फोटो काढले नाहीत. परतीच्या वाटेवर तिला 'चेहरे' या १९६८च्या कादंबरीबद्दल सांगितलं. नायिका लीसे मुंडुस, बालसाहित्यिक. मुंडुस हे टोवेच्या आईचं माहेरचं आडनाव. लीसेला पाइपांमधून आवाज ऐकू येतात, माणसांचे चेहरे सुटे होऊन बदलू लागतात, आणि मनोरुग्णालयात गेल्यावर तिला बाहेरच्यापेक्षा सुरक्षित वाटतं. वेड बाहेरून बघून वर्णन करणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. ही आतून लिहिलेली आहे, आणि तरी प्रत्येक वाक्य लख्ख.

सोमवार

वेस्ट्रे किर्केगोर, पश्चिमेची दफनभूमी. १८७०पासूनची, चौपन्न हेक्टर, देशातली सर्वांत मोठी. लोक इथं पळायला येतात, बाबागाडी घेऊन फिरतात, सायकलनं आडवे निघून जातात. बीचच्या झाडांची पानं तांबूस झाली होती. संगीतकार कार्ल निल्सन इथं आहे. टोवेच्या वडिलांच्या पक्षाचा नेता आणि पंतप्रधान टोरवाल्ड स्टाउनिंगही इथंच. मंत्र्यांच्या आणि कलावंतांच्या जोडीनं भट्टीवाल्याची मुलगी.

तिनं ७ मार्च १९७६ रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. अठ्ठावन्न वर्षांची होती. आदल्याच वर्षी 'विल्हेल्मची खोली' ही शेवटची कादंबरी आली होती, मोडलेल्या लग्नाची, आणि तिच्या नावातही खोलीच आहे. नायिका पुन्हा लीसे. तिचं मरण त्या पुस्तकात आधीच लिहिलेलं आहे, म्हणून काही लोक ते पुस्तक नुसती सूचना म्हणून वाचतात. मला ते अन्यायाचं वाटतं. रचना म्हणून ती तिची सर्वांत धाडसी कादंबरी आहे. सांगणारी कोण आणि जिची गोष्ट ती कोण, यातली भिंत तिनं मुद्दाम पाडलीय आणि ते करताना तिची लेखणी जराही डगमगत नाही.

दगड सापडला. फुलं नेली होती ती ठेवली. बहिणीनं नाव मोठ्यानं वाचलं.

परतीच्या गाडीत तिनं विचारलं, "मी सुरुवात कुठून करू?" मी सांगितलं: आठवणींचा पहिला भाग एका बैठकीत वाच, शंभरेक पानांचा तर आहे. दुसरा त्याला लागूनच, त्यात हसायलाही येतं. तिसरा सुट्टीच्या दिवशी, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं नसेल तेव्हा. मग कथा. 'चेहरे' त्यानंतर, आणि घरी एकटी असशील तेव्हा नको. कवितांचं मात्र तू डॅनिश शिक आणि मला वाचून दाखव, तुला स्वीडिश येतंच, अर्धी वाट तू आधीच चालली आहेस. फिओलस्ट्रेडवरचं ते पुस्तक मी तिच्याच पिशवीत टाकलं.

ती म्हणाली, पुढच्या वर्षी ये, तोवर ते आपोआप उघडणारं पान तरी वाचून ठेवते.